बाजूला ठेवलेला कागद

चि. बाळास,


वेलिंग्टनच्या लष्करी स्टाफ कॉलेजातून आलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. सरावात शत्रूचा अंदाज चुकला, त्याचं कारण तू लिहितोस, ‘माहिती कमी पडली.’ तिथेच मी अडलो.

१९७३ चा ऑक्टोबर आठव. इस्रायलकडे माहितीची वानवा नव्हती. इजिप्तचं सैन्य सुएझ कालव्याला भिडलेलं, सीरियाचे रणगाडे गोलानसमोर. सगळं दिसत होतं. पण लष्करी गुप्तवार्ता विभागाचं एक गृहीतक पक्कं होतं : इस्रायलच्या विमानतळांवर मारा करू शकतील अशी लांब पल्ल्याची विमानं मिळाल्याशिवाय इजिप्त लढणार नाही, आणि इजिप्तशिवाय सीरिया उठणार नाही. मग प्रत्येक हालचाल ‘सराव’ या शब्दात बसत गेली. त्यात मे महिन्यात युद्धाची हूल उठून विरली होती, त्यामुळे ‘युद्ध नाही’ म्हणणाऱ्या विभागप्रमुख एली झैरांच्या शब्दाला जास्तच वजन आलं.

मला सलतो तो लेफ्टनंट सिमान-टोव्ह. दक्षिण कमांडमधल्या या तरुणाने १ ऑक्टोबरला लेखी कळवलं, की सरावाच्या आडून युद्धाची तयारी चालली असावी. वरिष्ठाने तो कागद मुख्यालयाला पाठवलाच नाही.

मग इजिप्त-सीरियातल्या सोव्हिएत सल्लागारांची बायकामुलं घाईघाईने विमानांनी मायदेशी निघाली. इथे थांब, बाळा. कालव्यावरची जमवाजमव सरावातही होते, युद्धाआधीही होते. तिच्यावरून निवाडा होत नाही. पण सरावासाठी कुणी बायकापोरं अशी हलवत नाही. हा एक पुरावा बाकीच्या ढिगाला भारी होता. तरीही ५ ऑक्टोबरला ‘युद्धाची शक्यता कमी’ असंच लिहिलं गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास हल्ला झाला. अडीच हजारांहून अधिक इस्रायली सैनिक गेले. समोरच्या बाजूचे त्याहून कितीतरी जास्त.

म्हणून नकाशाशेजारी एक कोरा कागद ठेव. वर शत्रूचे सगळे पर्याय, खाली पुरावे. प्रत्येक पुराव्याला विचार : तो कोणत्या पर्यायाशी विसंगत आहे? सगळ्यांशी जुळणारा पुरावा खोडून टाक, तो कितीही ठसठशीत असो. सीआयएच्या रिचर्ड्स ह्यूअरनी हीच रीत मांडली. आणि काय दिसलं तर मत बदलशील, ते आधीच लिहून ठेव. बैठकीत सर्वांत कनिष्ठाला प्रथम बोलू दे. तू बोललास की तो गप्प बसेल.

आता सरावात तुझ्याकडे आलेले सगळे संदेश क्रमाने लिहून मला पाठव. ‘किरकोळ’ म्हणून बाजूला ठेवले असशील, तेही.

तुझा,
मामा