कोनत्या वावरातलं?

बाभुळगाव तालुक्यात काकाजींना सापांचे जाणकार म्हणून लोक ओळखू लागले ते पुढे. त्याआधी सारी नोकरी त्यांनी कापसाचे ग्रेडर म्हणून केली. एकाधिकार खरेदीच्या त्या काळात संकलन केंद्राबाहेर बंड्यांची रांग रात्रभर उभी असायची. काकाजी बंडीतला मूठभर कापूस उचलायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढून पाहायचे आणि वाणाचं नाव विचारण्याआधी शेतकऱ्याला विचारायचे, "कोनत्या वावरातला?" काळीतला की बरडातला, नदीकाठचा की टेकडीच्या पायथ्याचा. एकच वाण दोन वावरांत दोन तऱ्हांनी उतरतो हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. पुढे हीच बोटं सापांच्या खवल्यांवरून फिरली आणि शेजारच्या घरातली मुलगी म्हणून मला त्यांच्याजवळ बसायला मिळालं. माझ्यावर जे ऋण आहे ते या एका प्रश्नाचं आहे.

एकदा एकाच दिवशी दोन गावांहून दोन पिशव्या आल्या. दोन्हींच्या चिठ्ठीवर 'मांडूळ' लिहिलेलं. काकाजींनी पहिला साप काढला, डोकं आपल्या मुठीत ठेवलं आणि मला म्हणाले, "डोये मीट, माय. आता शेपटीले हात लाव." मी बोटं फिरवली. अंग गुळगुळीत लागलं, मानेपासून शेवटापर्यंत सारखंच जाड, आणि शेपूट अंगठ्याच्या टोकासारखी बोथट. मग दुसरा. त्याच्या पाठीवर बोटं मागे सरकली तशी खरखर वाढत गेली. शेपटीजवळ ती इतकी वाढली की कातडी बोचू लागली, आणि शेपूट बघता बघता निमुळती होऊन टोकाला संपली. डोळे उघडले तेव्हा पहिला तांबूस तपकिरी, बिनठिपक्यांचा होता. दुसऱ्याच्या पिवळसर करड्या अंगावर गडद तपकिरी ठिगळं होती, काही सुटी, काही एकमेकांत मिसळून नागमोडी झालेली. पहिला खरा मांडूळ. दुसरा दुर्रक्या घोणस. नावात घोणस असली तरी हा साप बिनविषारी, मांडुळाचा सख्खा भाऊ. मात्र स्वभाव वेगळा. मांडूळ घाबरला की वेटोळ्यात तोंड लपवतो आणि शेपूट वर धरतो. दुर्रक्या सरळ चावतो.

हे दोघे बोआंच्या गोतातले. अमेरिकेतल्या जंगलांत राहणारा मोठा बोआ चित्रपटांमुळे साऱ्यांना माहीत आहे, पण त्याचे हे मातीत राहणारे नातेवाईक आपल्या धुऱ्यावर उंदीर खाऊन जगतात याची फारशी कोणाला कल्पना नसते. मांडूळ अंडी घालत नाही, पिल्लं देतो. ही पिल्लं पाहून भलेभले फसतात, कारण लहानपणी त्यांच्या अंगावर, विशेषतः शेपटीकडे, काळे पट्टे असतात. वयाबरोबर ते बहुधा पुसट होत जातात. मोठा मांडूळही कधी लालसर, कधी जवळजवळ काळा. रंगावर विसंबायचं नाही हा काकाजींचा पहिला दंडक होता.

हाताने ओळखण्याचा धडा त्यांनी एका जागी मात्र कडक शब्दांत थांबवला. परड, म्हणजे खरी घोणस, हिला हात नाही. तिथं फक्त डोळे, तेही लांबून. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या तीन रांगा असतात, प्रत्येक ठिपका गोल किंवा लांबट आणि गडद किनारीचा. डोकं त्रिकोणी, मानेपासून वेगळं दिसणारं. फुत्कार असा की एकदा ऐकला की विसरत नाही. दुर्रक्याचं डोकं आखूड, मान नाहीच म्हटली तरी चालेल, आणि ठिगळं वेडीवाकडी. सोयाबीनची गंजी उचलताना हा फरक करायला क्षणभरही मिळत नाही. म्हणून शेतावरच्या बायकांना काकाजी कधीच सांगत नसत की हा बिनविषारी आहे, धरा. ते म्हणायचे, ठिपके दिसले की मागं सरका, मंग आमाले बोलवा. ओळख पटवणं हे ज्याचं काम त्यानं करावं. बाकीच्यांचा जीव वाचला की झालं.

मांडुळाच्या शास्त्रीय नावाची हकिकतही त्यांनी मला मोठ्या आवडीने सांगितली होती. ईस्ट इंडिया कंपनीत काम केलेल्या पॅट्रिक रसेल यांनी १८०१ मध्ये या सापाला नाव दिलं. घोणशीचं इंग्रजी नाव ज्यांच्यावरून आहे तेच हे रसेल. मांडुळाच्या नावातले 'जॉनी' म्हणजे तरंगमबाडीचे मिशनरी ख्रिस्तोफ सॅम्युएल जॉन. पुढे १९९१ मध्ये इंद्रनील दास यांनी पश्चिम किनाऱ्याकडचा तिसरा भाऊ वेगळा काढला आणि त्याला रोम्युलस व्हिटेकर यांचं नाव दिलं. हा तिसरा आपल्या जिल्ह्यात नाही. माझ्या एका ओळखीच्या बाईंनी कोकणातून त्याचा फोटो पाठवला तेव्हा मी तो काकाजींसमोर धरला. त्यांनी आयुष्यात तो साप पाहिलेला नव्हता. ठिगळं दुर्रक्याकडे झुकणारी, पण अंग त्याच्यापेक्षा गुळगुळीत. ते बराच वेळ पाहत राहिले आणि जात सांगण्याआधी म्हणाले, "कोठचा हाय हे पहिले सांग." गाव कळल्यावर मगच त्यांनी तिसऱ्या भावाचं नाव घेतलं.

या प्रश्नाची खरी किंमत मला पुण्याच्या भाच्यामुळे कळली. त्याने पाळलेल्या बोआचा फोटो पाठवून विचारलं, "मावशी, हा सुरिनामचा की कोलंबियाचा?" विकणाऱ्याने सुरिनामचा म्हणून जास्त पैसे घेतले होते. मी बरंच वाचलं. मध्य अमेरिकेचा बोआ इम्पेरेटर आणि दक्षिणेचा बोआ कन्स्ट्रिक्टर यांना आज बहुतेक अभ्यासक दोन जाती मानतात. पाठीवरच्या पट्ट्यांचा आकार आणि संख्या, शेपटीचा लाल रंग किती गडद, यावरून अंदाज बांधता येतो. अर्जेंटिनाचा काळपट बोआ वेगळा दिसतो, होंडुरासजवळच्या कायोस कोचिनोस बेटांवरचा फिकट गुलाबीसर बोआही वेगळा. त्या बेटांवरचे साप पाळण्यासाठी इतके उचलले गेले की तिथली संख्या ढासळली. पण सुरिनाम, गयाना, पेरू ही बाजारातली नावं पुष्कळदा साप कुठून जहाजात चढला तेवढंच सांगतात, आणि पिंजऱ्यात दोन मुलखांचे साप एकत्र वाढवले की पिल्लांच्या अंगावरून काहीच ठरत नाही. मी भाच्याला लिहिलं की जात मी सांगू शकते, मुलूख नाही. तो कागदावर असेल तर आहे, नसेल तर कोणालाच सांगता येणार नाही. सोबत हेही लिहिलं की २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा विदेशी प्राण्याची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, ती आधी कर.

पुण्यातल्या काचेच्या पेटीत हा प्रश्न हौसेचा असेल. आपल्याकडे तो मांडुळाच्या जिवाचा आहे. गुप्तधन, पैशांचा पाऊस, असल्या भोंदूगिरीपायी मांडुळाचे सौदे लाखा-कोटींच्या गप्पांवर चालतात. वजन वाढलेलं दिसावं म्हणून पोटात लोखंडी गोळ्या भरल्याच्या बातम्या छापून आल्या आहेत. 'दुतोंड्या' खरा वाटावा म्हणून गारुडी शेपटीवर डाग देऊन डोळे-तोंड उमटवत. मांडूळ पकडणं, बाळगणं, विकणं हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि धाडी पडतात, साप सुटतात. पण सुटून जायचं कुठे? धरलेला माणूस तोंड उघडत नाही. मांडूळ कुठल्याही जिल्ह्यातून आलेला असतो. त्याची माती कोणती, बीळ कोणतं, हे त्याच्या अंगावर कुठेच लिहिलेलं नसतं. अनोळखी रानात सोडलं की तो तिथल्या सापांत आजार नेतो की स्वतःच उपाशी मरतो, हे पाहायलाही पुन्हा कोणी जात नाही. अशा जप्त सापांपुढे काकाजी गप्प होत. मी त्यांना हतबल पाहिलं ते फक्त अशा वेळी.

म्हणून त्यांनी वह्या ठेवल्या. आपण धरलेला एकही साप गाव न लिहिता पिशवीत जायचा नाही. "पहिले लिहजो, मंग गाठ मारजो," हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आजही पिशवीची गाठ मारताना हात थांबतो. नोंदीत जात, लांबी, तारीख असायची, पण पहिला रकाना जागेचा: गाव, वावर, धुरा, माती, शेजारचं पीक. साप शक्यतो त्याच शिवारात, माणसांच्या वाटेपासून थोडं दूर, सोडला जायचा, आणि तेही त्याच ओळीत लिहिलं जायचं.

काकाजी गेल्यावर काकूंनी त्या वह्या माझ्याकडे दिल्या. मी त्या उतरवून काढते आहे. काम सोपं नाही. बेंबळा प्रकल्पात काही गावं पाण्याखाली गेली आणि नवी वस्ती त्याच नावाने दुसरीकडे उभी राहिली. काकाजींनी लिहिलेलं गाव जुनं की नवं, हे वहीत प्रत्येक वेळी कळत नाही. तारीख पाहावी लागते, वावराच्या मालकाचं नाव पाहावं लागतं. तरीही अडलं की मी गावात जाते, पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारते. ते आधी साप कोणता ते विचारतात, मग जुन्या गावाचे धुरे एकेक करून सांगू लागतात. त्यांनी सांगितलेलं मी काकाजींच्या अक्षराशेजारी पेन्सिलीने लिहिते.