कोळव्याच्या खालचं

देवगाव फाट्यावर माणूस उतरतो तो दुसरी गाडी धरायला. एक रस्ता मंठ्यावरून जालन्याला जातो, एक जिंतूरला, एक सेलूला. आमचं फाट्यावर चहाचं हॉटेल. अर्धं आयुष्य मी 'सेलूची गेली का?' याचं उत्तर देण्यात घालवलं. म्युझियम बघायचं म्हणून मी स्वतः कधी कुठल्या गाडीत बसलो नव्हतो. पुण्याला गेलो तो मुलाची खोली बदलायची होती म्हणून, आणि आई बरोबर आली ती डोळे दाखवायला. डॉक्टरची वेळ निघाली संध्याकाळची. दुपार काढायची कुठं? पोरगा म्हणाला, "आजीला केळकर संग्रहालय दाखवू."

आईला वाटलं देवळात चाललोय. दारात ती चपला काढायला लागली.

दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' नावानं कविता लिहायचे. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं हे संग्रहालय. नवरा-बायकोनं गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, फण्या, कुलपं, दरवाजे गोळा केले, पदरमोड केली, आणि १९७५ साली सगळं सरकारच्या हवाली करून टाकलं. वीस हजारांवर वस्तू. त्यातल्या थोड्याच मांडलेल्या असतात, बाकीच्या आत. हे सगळं पोरगा सांगत होता. आईचं लक्ष नव्हतं. ती वजऱ्यांच्या कपाटाशी थांबली होती.

पाय घासायच्या पितळी वजऱ्या. कुणावर मोर, कुणावर पोपट. आईनं वाकून बघितलं, मग स्वतःच्या टाचांकडं बघितलं. "काय एकेकीचे थाट! पाय घासायला मोर. आपली मातीची होती. भाजलेली. जोरानं घासलं की रगत यायचं." कपाटाच्या काचेवर तिच्या श्वासाचा गोल उमटला, तो तिनं पदरानं पुसला. बंदोबस्ताला उभा असलेला माणूस जवळ आला, पण काही बोलला नाही.

पुढं धान्याची मापं होती. तिथं मात्र आईच बोलायला लागली, आणि तो माणूस ऐकत राहिला. "ही पायली. दोन अधोल्यांची एक पायली. दोन शेरांची अधोली. शेरात दोन मापटी, मापट्यात दोन चिपटी, चिपट्यात दोन कोळवी." आई ७८ वर्षांची आहे. देशात दशमान वजनं-मापं यायला लागली १९५८ पासून, पण आमच्या खळ्यावर, बलुत्याला, शेजारणीच्या उसनवारीला पायली कितीतरी वर्षं पुढं चालली. सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. वरच्या अंगाला ती बिनचूक चढली.

"आणि कोळव्याच्या खाली?" त्या माणसानं विचारलं.

आईचा हात हवेतच थांबला. बोटांनी एवढंसं माप धरलेलं होतं, नाव येईना. "आत्ता होतं की तोंडावर," म्हणाली.

तिथून ती जरा घुम्यातच होती. तेवढ्यात एक गंगाळ दिसलं. तांब्याचं, दोन बाजूंना पितळी कड्या. आईनं माझ्याकडं बघितलं. "आपण किती किलोनं दिलंतं?"

१९९६ साली बहिणीच्या लग्नात आमचं गंगाळ, दोन घागरी आणि एक समई मी मोडीत घातली होती. बदल्यात स्टीलचा सेट आणि वर थोडे पैसे. दुकानदारानं गंगाळ काट्यावर ठेवायच्या आधी हातोडीनं त्याच्या कड्या उडवल्या, कारण पितळेचा भाव वेगळा. दोन ठोक्यांत एक कडी, तीन ठोक्यांत दुसरी. तेव्हा मला सौदा चांगला वाटला होता. स्टीलच्या त्या सेटमधल्या चारच वाट्या आज उरल्यात, आणि त्या हॉटेलात चिल्लर ठेवायला आहेत.

"आठवत नाही," मी म्हणालो. आठवत होतं.

त्याच हिवाळ्यात आईनं तेरचा हट्ट धरला. तिला गोरोबाकाकांचं दर्शन घ्यायचं होतं, आणि मला, खरं सांगायचं तर, त्या दुकानाचा हिशेब कुठंतरी फेडायचा होता. तेरणेच्या काठी दर्शन झाल्यावर आम्ही लामतुरे संग्रहालयात गेलो. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच. गावाभोवतीच्या पांढरीच्या टेकाडांतून पावसानंतर मणी, बांगड्यांचे तुकडे, मातीची चित्रं वर यायची. पांढरी माती चांगली म्हणून लोक ती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकत होते. या माणसानं त्या मातीतलं जे मिळेल ते जपून ठेवलं, आणि तेच पुढं सरकारी संग्रहालय झालं. फाट्यावर माझ्यासारखे मोडीत घालणारे खूप. असा एखादाच.

तेर म्हणजे जुनं तगर. 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासपोथीत, साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकात, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचं लिहिलंय, आणि तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जायचं म्हणून. दहा दिवस म्हणजे दहा मुक्काम. कुठल्यातरी फाट्यावर आमच्यासारखं कुणीतरी पाणी पाजत बसलेलं असणारच, त्याचं नाव पोथीत नाही एवढंच. तेरला हस्तिदंताची एक नटलेली बाई सापडली, जालन्याजवळच्या भोकरदनला तशाच एकीचा खालचा भाग सापडला, आणि त्यांचीच बहीण शोभेल अशी एक १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेतून निघाली. ते शहर ७९ साली ज्वालामुखीखाली गाडलं गेलं होतं. पोरानं मोबाईलवर आजीला इटलीतलीचा फोटो दाखवला. आई म्हणाली, "पाटल्या बघ की हिच्या, कोपरापस्तोर."

पण तिचा जीव रमला मातीत. पणत्या बघून तिनं मानही वळवली नाही. रोजच्या वस्तूकडं कोण बघतं? ती अडली मातीच्या चकत्यांपाशी. रोमन नाण्यांवरून छाप घेऊन अशी पदकं करत, ओवायला भोक ठेवत, आणि गळ्यात घालत, असं मी तिला सांगितलं. खरं नाणं सोन्याचं, हे मातीचं.

"मंग हे तवाचं बेन्टेक्स."

मी मोठ्यानं हसलो. आई हसली नाही. तिला पटलेलं होतं.

परतीच्या गाडीत ती मध्येच म्हणाली, "चिपटं, कोळवं... न्हाईच येत." मी गुगलवर शोधू का म्हणालो, तर म्हणाली, "माझं मला आठवू दे."

जिंतूरच्या वाटेवर चारठाणा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या यादवकाळच्या देवळांवरून मी हजार वेळा गेलोय, कधी उतरलो नाही. मार्चमध्ये एका रविवारी आईला घेऊन उतरलो. उंच कोरीव स्तंभ गावात उभा आहे, गोकुळेश्वराजवळची बारव गावकऱ्यांनी अलीकडे गाळ उपसून मोकळी केली. इथं काच नाही, पाटी नाही. खांबाला कुणीतरी म्हशीचं दावं बांधलं होतं. मला राग आला. आईनं मात्र 'खुराची आई' कुठंय विचारलं, तिथं जाऊन कुंकू लावलं, आणि पायरीवर बसून त्या म्हशीच्या मालकिणीबरोबर अर्धा तास गप्पा मारल्या. बोलता बोलता तिचा हात कोरलेल्या दगडावरून फिरत होता, घरची भिंत चाचपावी तसा.

एप्रिलात तुरीची डाळ झाली. शेजारची सून वाडगं घेऊन आली, आई डाळ मोजून देत होती. मी गल्ल्यावर होतो. जिंतूरहून आलेली पहिली गाडी वळणावर हॉर्न वाजवत होती, चार गिऱ्हाईकं चहासाठी ओरडत होती, आणि आतून आईचा आवाज आला, सगळ्यांच्या वर:

"नेळवं! आरं, नेळवं!"