रंगाखालची फळी

जुनी वस्तू घेताना माणूस आधी तिचा रंग बघतो आणि तिथेच फसतो. आम्हीही फसलो. पण वेळीच सावध झालो. ते कसे, हे वाचक बंधुभगिनींना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे गाव सावित्री खाडीच्या काठी. खाडी दारात, पण आमच्या वस्तीत कधी कोणाची होडी नव्हती. होड्या कोळ्यांच्या, भोयांच्या, मुसलमान बांधवांच्या. आमची माणसे तरीत बसून पलीकडे जायची, नाहीतर पोटासाठी मुंबई गाठायची. आमचे थोरले दादाही पंचवीस वर्षे मुंबईत एका वर्कशॉपात फिटर होते. २०२२ साली ते वर्कशॉप बंद पडले आणि दादा गावी आले. कामाची सवय असलेला माणूस, रिकामा बसवेना. मे २०२३ मध्ये त्यांनी खाडीत जाळे टाकण्यासाठी एक जुनी होडी घेतली. बावीस फुटी, लाकडी, एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची. किंमत साठ हजार. त्यातले पंचवीस हजार वहिनीच्या बचत गटाचे कर्ज, बाकीचे दादांच्या हिशेबाचे.

आई म्हणाली, "जमिनीवर पैसे टिकत नाहीत, तुम्ही पाण्यात घालताय." पण होडी निळ्या रंगात अशी चकाकत होती की आम्ही तिचे ऐकले नाही.

पावसाळाभर होडी काठावर झापांखाली होती. सप्टेंबरात पाऊस ओसरला आणि कामाला हात घातला. इंजिन दादांकडे. त्यांनी प्रथम तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरले असे समजावे. आमचे काळे होते, म्हणजे जुने होते एवढेच. डिझेलच्या टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ निघाला. टाकी धुतली, फिल्टर बदलला. मग नळीतली हवा काढली. नट सैल करून हातपंप मारत राहायचे, बुडबुडे थांबून डिझेल सलग येईपर्यंत. इंजिन थंड ठेवायला खाडीचे पाणी ओढणारा जो पंप असतो, त्यातल्या रबरी चक्राची पाने तडकलेली होती. ते चक्र दीडशे-दोनशेच्या घरातले, पण तेच बसले तर हजारोंचे इंजिन तापून जाम होते. पिंपात पाणी भरून, नळी त्यात सोडून इंजिन चालू केले. तिसऱ्या हँडलला ते बोलू लागले, तेव्हा दादांच्या तोंडावर वर्कशॉप सुटल्यापासून प्रथमच हसू पाहिले.

तळ खरवडण्याचे काम वहिनीचे आणि आमचे. शेजारच्या कोळीवाड्यातले एक म्हातारे काका येऊन बसत. ते म्हणाले, "नुसते खरवडू नका, हातोडीने ठोकत चला. चांगली फळी टणटण बोलते, कुजलेली भद् करते." वहिनी ठोकत चालली. मागच्या बाजूला, इंजिनाच्या खाली, एके ठिकाणी रंगाचा थर जास्तच जाड होता. तिथे हातोडी भद् वाजली. तिने स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो बोटाच्या दोन पेरांएवढा आत गेला. लांबी भरून वरून रंग मारलेला होता. हातभर फळी कुजली होती.

विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "जुनी वस्तू आहे, तुम्ही बघून घेतलीत." खोटे तरी काय होते? बघायला आम्ही गेलो होतोच, रंग बघून आलो.

आता पंचाईत अशी, की होडी लोटायची ती उधाणाच्या भरतीला. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येते; मधल्या भांगाला आमच्या काठापर्यंत पाणी चढत नाही. १४ ऑक्टोबरची अमावास्या चार दिवसांवर होती. ती चुकली की पुढे दोन आठवडे खोळंबा, आणि गटाचा हप्ता तोंडावर आलेला. दादा म्हणाले, "वरून पत्रा ठोकू, डांबर लावू. हा हंगाम निघेल. पुढच्या वर्षी फळी बदलू."

वहिनी शांतपणे म्हणाली, "गटात काय सांगायचे ते मी सांगते. पण त्या होडीत तुम्ही बसणार, भावोजी बसणार, आपला पोरगा बसणार. पत्रा ठोकलात तरी ती फळी मला रात्री दिसत राहील."

कोणी काही बोलले नाही. आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. दादा बराच वेळ काठावर बसून होते. संध्याकाळी पान्यांची पेटी उघडून त्यांनी इंजिनाचा पहिला बोल्ट सैल केला.

इंजिन उचलावे लागले. कुजकी फळी कापून काढली; सुदैवाने आतली बरगडी शाबूत होती. सागवानाची नवी फळी आणि सुताराची मजुरी मिळून नऊ हजार गेले. फटींत सुताचे पीळ ठोकून बसवले, राळ आणि तेल कढवून वरून भरले. बाहेरून काजूच्या टरफलांचे तेल लावले, त्याने लाकडाला कीड लागत नाही. ते तेल अंगाला लागले की कातडी भाजते, म्हणून हाताला फडकी बांधली. इंजिन परत बसवताना दादांनी फिलर गेजने इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आहेत की नाही ते चारी बाजूंनी मोजले. काका बघतच राहिले. "हे आमच्याकडे अंदाजाने चालते," म्हणाले.

वहिनीने गटात खरे ते सांगितले. बायांनी हप्त्याला मुदत दिली, पण नियमाचे पन्नास रुपये दंडही घेतला. वहिनी म्हणाली, बरोबरच केले.

२८ ऑक्टोबरला आश्विन पौर्णिमा, वर्षावास संपण्याचा दिवस. दुपारच्या भरतीला वस्ती आणि कोळीवाडा मिळून वीस माणसांनी ओंडक्यांवरून होडी लोटली. ती तरंगली आणि लगेच फटींतून पाणी झिरपू लागले. आमचे तोंडचे पाणी पळाले. काका हसले, "लाकूड सुकलेय, तहानलेले आहे. पिऊ दे." दोन दिवस होडी काठाला बांधून ठेवली, डब्याने पाणी उपसले. लाकूड फुगले, फटी मिटल्या. तिसऱ्या दिवशी तळ कोरडा.

तरीही नोंदणीचे कागद आमच्या नावावर होईपर्यंत आणि चार लाइफ जॅकेट येईपर्यंत दादांनी दोर सोडला नाही. मग पहिल्या फेरीला आईला बसवले आणि दासगावपर्यंत गेलो. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब मुंबईहून बोटीने आले आणि याच दासगाव बंदरात उतरून महाडच्या परिषदेला गेले. आईने हे तिच्या आजोबांकडून ऐकलेले. ती हात पाण्यात सोडून बंदराकडे बघत राहिली. परत येताना एवढेच म्हणाली, "आपल्या होडीतून आले मी."

गटाचे कर्ज पुढच्या वर्षी फिटले. होडी चालू आहे. आजही दर सप्टेंबरात वहिनी हातोडी घेऊन तळाखाली शिरते.

कुजक्या फळीचा तुकडा दादांनी फेकलेला नाही. जुनी होडी घ्यायला निघालेला कोणी सल्ला विचारायला आला, की ते आधी चहा सांगतात आणि मग तो तुकडा त्याच्या हातात देतात. त्याची एक बाजू अजून निळी चकचकीत आहे.