ओटीवरचा विमानाचा पंखा

मुलाने कर्जतच्या घरी टायगर मॉथ विमानाचा जुना लाकडी पंखा आणला. म्हणाला, "आई, सोलापूरच्या आपल्या शेठ वालचंद हिराचंदांनीच १९४० साली बेंगळुरूला विमानांचा कारखाना काढला." खरे आहे, पण तो युद्धाचाच काळ. हेही सैन्याचे सराव विमान. म्हणून देवघराच्या भिंतीवर नको, ओटीवर लाव म्हटले.

पंखा आडवाच हवा. उभा ठेवला तर ओल खालच्या पात्यात उतरते. पात्यांना खिळे नाहीत, मधोमध मूळची भोके असतात, त्यांतूनच बोल्ट. भिंतीपासून चार बोटे अंतर मी हट्टाने ठेवायला लावले. इकडच्या पावसात चिकटून लावला की मागे बुरशी, म्हणजे अनंतकाय! आता पुंजणी सहज फिरते.

फिरत होती. परवा त्याच फटीत बुलबुलाने घरटे केले. पिल्ले उडेपर्यंत ओटीचा दिवासुद्धा बंद.