वायमारचा रविवार

कोलोनचे महामंदिर, ऱ्हाइनच्या तीरावरील द्राक्षमळे, न्यूरेंबर्गचा तट आणि ड्रेस्डेनचे चित्रसंग्रहालय ही सर्व प्रख्यात स्थळे मी यथाक्रम पाहिली, आणि त्यांपैकी एकानेही माझी निराशा केली नाही. तथापि जर्मनीस प्रथमच जाणारा कोणी स्नेही तेथे काय पाहावे असे विचारू लागला म्हणजे माझ्या मुखी प्रथम येते ते थ्युरिंगिया प्रांतातील वायमार या लहानशा नगराचे नाव, आणि त्या नगरातही मी आग्रहाने सांगतो तो तेथे घालवावयाचा एक रविवार.

सप्टेंबर सरत आला होता आणि इल्म नदीकाठच्या उद्यानातील वृक्षांवर पिवळी छटा नुकतीच उतरू लागली होती. रविवारी सकाळी मी फ्राउएनप्लान चौकातील गटेचे घर पाहिले. दर्शनी दालनांत प्राचीन मूर्तींच्या प्रतिकृती, रंगीत भिंती, अभ्यागतांवर छाप पडावी असा सारा थाट. आणि मागील बाजूस ठेंगण्या छताची, जवळजवळ विरक्त म्हणावी अशी लेखनाची खोली, व तिला लागून ती चिंचोळी शयनाची खोली, जिच्यातील आरामखुर्चीत २२ मार्च १८३२ रोजी त्या महाकवीने देह ठेवला. गेओर्ग फोर्स्टरने सर विल्यम जोन्सच्या इंग्रजीवरून केलेला शाकुंतलाचा जर्मन अनुवाद १७९१ साली ज्याच्या हाती पडला आणि ज्याने कालिदासाचे ऋण आयुष्यभर मानले, तो पुरुष याच गावचा रहिवासी, हे स्मरून मी त्या मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी बराच वेळ उभा राहिलो.

बाहेर पडलो तो पाऊस सुरू झालेला, आणि दगडी फरसबंदीवरून चार पावले टाकतो न टाकतो तोच माझ्या उजव्या जोड्याचा तळ अर्ध्याहून अधिक निखळून लोंबू लागला. शिलरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाजाररस्त्यावर पादत्राणांचे दुकान होते, काचेमागे हव्या त्या आकाराचे जोडे मांडलेले होते, आणि दाराला कुलूप होते. त्याच्या शेजारचे दुकान बंद, त्याच्या पलीकडचेही बंद. भोजनगृहे उघडी, संग्रहालये उघडी, परंतु ज्यास व्यापार म्हणावे तो एकूण एक बंद. ग्राहक दाराशी भिजत उभा आहे, माल डोळ्यांसमोर आहे, खिशात पैसे आहेत, आणि तरीही व्यवहार घडू शकत नाही, ही गोष्ट, रात्री दहालाही हाक मारताच जेथे कोपऱ्यावरचा वाणी दार उघडतो अशा शहरात वाढलेल्या मला, निव्वळ अरेरावीची वाटली, आणि पाय ओढीत मुक्कामी परतेपर्यंत मी त्या साऱ्या राष्ट्रावर मनातल्या मनात संतापत होतो.

ज्यांच्या घरी मी उतरलो होतो त्या बाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. माझ्या पायाकडे एक दृष्टिक्षेप टाकून त्यांनी जोडा काढून घेतला, दारापाशी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या लोकरी नमद्याच्या सपाता माझ्यापुढे सरकवल्या, आणि तळघरात आपल्या दिवंगत पतीच्या सुतारकामाच्या मेजापाशी मला घेऊन गेल्या. तेथे हातोडी होती, बारीक चुका होत्या, मोचीकामास लागणारे सर्व काही होते. मी हातोडीकडे हात नेला तेव्हा बाईंनी शांतपणे मान हलवली.

"आज रविवार आहे," त्या म्हणाल्या. "वरच्या मजल्यावर रात्रपाळी करून आलेली परिचारिका झोपली आहे. आणि ती घरी नसती तरीही आज मी ठोकाठोक केली नसती."

त्यांनी जोड्याच्या तळाला डिंकासारखे काही घट्ट द्रव्य लावले, लाकडी शिकंजात तो आवळून बसवला, आणि उद्या सकाळपर्यंत त्यास कोणी हात लावू नये अशी ताकीद दिली. दुसरा जोड मजजवळ नव्हता. तेव्हा उरलेला सारा दिवस मला त्या घरातच, परक्याच्या सपाता घालून काढणे प्राप्त झाले, आणि माझ्या प्रवासातील सर्वोत्तम दिवस तो हाच.

दुपारी साडेतीनच्या सुमारास कॉफीचे मेज मांडले गेले. रविवारची कॉफी व तिच्यासह केक हा त्या देशी नित्याचाच परिपाठ असून, पाहुण्यास त्या वेळी बोलावणे आले तर ते सामान्य समजू नये. ठरल्या वेळी, फुले घेऊन, आणि फुलांभोवतीचा कागद दाराशीच काढून मग ती यजमानिणीच्या हाती द्यावी, अशी तेथील रीत आहे. मोठ्या पत्र्याच्या तबकात भाजलेला, आंबट-गोड निळ्या आलुबुखारांच्या फोडी ओळीने रचलेला तो थ्युरिंगियन केक खात असताना, पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात शिकलेल्या जर्मनच्या बळावर, मी माझी तक्रार बाईंपुढे मांडली. गरजवंतास जोडासुद्धा विकत न देणारा हा कसला कायदा?

बाई उठल्या आणि कपाटातून खिशात मावेल एवढी संविधानाची प्रत घेऊन आल्या. १९४९ च्या त्या मूलभूत कायद्यातील १४० व्या कलमाने १९१९ च्या जुन्या संविधानातील काही कलमे जशीच्या तशी अंगीकारली आहेत, आणि त्यांपैकी १३९ वे कलम रविवारचे: रविवार व राज्याने मान्य केलेले सणवार हे श्रमापासून विश्रांतीचे आणि आत्मिक उन्नतीचे दिवस म्हणून कायद्याने रक्षिले जातील, असा त्याचा आशय. हे कलम ज्या राष्ट्रसभेने मंजूर केले ती राष्ट्रसभा, बर्लिनमधील दंगलींमुळे, ६ फेब्रुवारी १९१९ पासून ज्या नाट्यगृहात भरली, ते नाट्यगृह मी सकाळी गटे-शिलर यांच्या पुतळ्यामागे पाहिले होते. ज्या कायद्यावर मी दिवसभर संतापलो त्याचे जन्मस्थान मुक्कामापासून हाकेच्या अंतरावर निघावे, याचे मला मोठे नवल वाटले, आणि माझी जिज्ञासा खरी जागी झाली ती त्या क्षणी.

बाईंच्या सांगण्यात उपदेशाचा सूर नव्हता. त्यांनी सांगितले की पूर्व जर्मनीच्या राजवटीत शाळा शनिवारीही भरत असे. कारखान्यांना १९६७ पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला, पण मुलांना व शिक्षकांना शनिवारची सुटी मिळाली ती ती राजवट गेल्यावरच. तेव्हा आई, बाप आणि मुले एकाच वेळी घरात असण्याचा दिवस म्हणजे रविवार, आणि तोच काय तो त्यांचा स्वतःचा. पुढे दोन्ही जर्मनी एक झाल्या, दुकाने मालाने भरून गेली, आणि मग हा दिवस विक्रीस खुला करावा अशी मागणी व्यापाऱ्यांकडून येऊ लागली. बर्लिनच्या कायद्याने नाताळापूर्वीच्या चारही रविवारी दुकाने उघडण्याची मुभा दिली, तेव्हा तेथील ख्रिस्ती धर्मसंस्था सर्वोच्च संविधान न्यायालयात गेल्या, आणि १ डिसेंबर २००९ च्या निकालाने ती मुभा संविधानाशी विसंगत ठरली. "परिचारिका, आगगाडीचे चालक, भोजनगृहातील वाढपी यांना रविवारीही काम करावे लागते," बाई म्हणाल्या, "त्यांना दुसरा दिवस मिळतो. पण बूट विकणाऱ्या मुलीने आज काम करावे एवढी आपली अडचण मोठी होती का?" या प्रश्नास मजपाशी उत्तर नव्हते.

दिवे लागल्यावर सायंकाळचे जेवण झाले. शिजवलेले ऊन अन्न रात्री खाण्याची ज्यास सवय आहे त्यास हे भोजन प्रथमदर्शनी उदास वाटेल. प्रत्येकापुढे ताटाऐवजी लाकडाची लहान फळी, तीवर आंबवलेल्या राय धान्याच्या पावाचे काप, लोणी, चीज, मुळा, व्हिनेगरातल्या काकड्या आणि कांद्याची पात चिरून घातलेला ताजा चक्का. परंतु तो पाव चावू लागलो आणि माझा पूर्वग्रह ओसरला. जड, काळसर, किंचित आंबट, आणि ज्वारीच्या भाकरीसारखा पोटास दीर्घकाळ आधार देणारा असा तो पाव, उत्तरेकडील थंड व रेताड जमिनीत गहू नीट पोसत नाही आणि राय पोसते, या एका कारणाने त्या लोकांच्या जीवनाचा आधार झाला आहे. फळीवर ज्याने त्याने आपल्या हाताने काप रचावे, कोणी कोणास वाढण्यासाठी ताटकळू नये, चुलीपाशी कोणीही उभे राहू नये. रविवारचा नियम त्या घरच्या गृहिणीसही लागू होता, हे माझ्या ध्यानात आले.

"तुमच्याकडे रविवार कोणी दिला?" बाईंनी विचारले.

तेव्हा मी त्यांना नारायण मेघाजी लोखंडे यांची हकीकत सांगितली. मुंबईच्या गिरण्यांत मजुरास आठवड्याची सुटी नव्हती. पहाटे भोंगा होई आणि दिवस मावळेपर्यंत माणसे मागावर उभी असत. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी १८८४ मध्ये मजुरांची सभा भरवून साप्ताहिक सुटीची मागणी केली, अर्ज-विनंत्या केल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी मजुरास आपल्या दैवताची सेवा करता यावी, हाही मुद्दा त्यांनी मांडला होता. बाईंनी खंडोबा कोण हे विचारून घेतले, जेजुरीच्या भंडाऱ्याचे वर्णन लक्षपूर्वक ऐकले, आणि लोखंड्यांचे नाव आपल्या वहीत माझ्याकडून लिहून घेतले. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या ३२१ सालच्या आज्ञेपासून चालत आलेली त्यांची परंपरा आणि परळ-लालबागच्या कामगारांचा आमचा झगडा त्या रात्री एका मेजावर शेजारी बसले होते.

सोमवारी सकाळी जोडा शिकंजातून निघाला तो पुढे प्रवास संपेपर्यंत टिकला. मी एट्टर्सबर्ग टेकडीवर गेलो, जेथे नगरापासून अवघ्या काही किलोमीटरांवर १९३७ पासून बुखेनवाल्डची छळछावणी होती आणि जेथे व जिच्या उपछावण्यांत सुमारे ५६,००० माणसे मारली गेली. सोमवारी तेथील प्रदर्शने बंद असतात, आवार उघडे असते. प्रवेशद्वारावरचे घड्याळ मुक्ततेच्या वेळेवर, सव्वातीनवर, थांबवलेले आहे. आदल्या दिवसाचे संभाषण मनात असल्यामुळे मला एक गोष्ट फार बोचली: २८ फेब्रुवारी १९३३ च्या फर्मानाने वायमारच्या संविधानातील व्यक्तिस्वातंत्र्याची, भाषणाची, सभेची कलमे स्थगित झाली, परंतु रविवारच्या कलमास त्या फर्मानाने हात लावला नव्हता. विश्रांतीचा दिवस कागदावर अबाधित राहिला, आणि ती विश्रांती ज्याची, तो माणूस मात्र निराधार झाला. म्हणून वायमारला जाणाऱ्याने गटेचे घर पाहून परतू नये. टेकडीवर जाणे हे त्या नगराप्रति आपले कर्तव्य आहे.

त्यानंतर बर्लिनमध्ये मी अनेक दिवस होतो, आणि ते सुखाने गेले. पण मला विचाराल तर मी सांगेन की शनिवारी दुपारीच आवश्यक ती खरेदी उरकावी, काही रोकड जवळ बाळगावी, कारण लहान दुकानांत अजून तिचाच व्यवहार अधिक, आणि रविवारी कोणत्याही लहान गावात पायी हिंडावे, कुटुंबे वनवाटांनी फिरत असतात त्यांच्या मागोमाग चालावे. बंद दारापुढे उभे राहून हळहळू नये. त्या दारामागे उभी राहणारी मुलगी त्या वेळी आपल्या माणसांत जेवत असते. तिचा तो हक्क आणि गिरणगावातील आपल्या आजोबांना मिळालेला हक्क एकच आहे, आणि ज्यास आपल्या घरच्या रविवारची किंमत कळते त्याने परक्याच्या रविवारचा मान राखलाच पाहिजे.