मी वेल्डिंग पक्षाचा होतो

गाडीच्या पोटाखाली काहीही मोडलं की वेल्डिंग करून टाकायचं, या मताचा मी कट्टर माणूस. नट-बोल्टची दुरुस्ती म्हणजे वेळ मारून नेणं आणि वेल्डिंग म्हणजे पक्कं काम, हे मी इतरांनाही न विचारता ऐकवत असे. आता ऐकवत नाही. का, ते सांगतो.

फोर बाय फोर गाडीच्या इंजिनाचा चेंबर, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस दगडावर आपटू नये म्हणून खालून जाड प्लेट लावतात. ती चेसीला बोल्टने धरलेली असते. लॅडर फ्रेमच्या बऱ्याच गाड्यांत चेसीचे दांडे आतून पोकळ, चौकोनी असतात. आत हात जात नाही, म्हणून नट कारखान्यातच आतल्या अंगाला टाके मारून बसवलेला असतो. गाडी नवी असेपर्यंत ही व्यवस्था झकास चालते. पण कोकणातल्या वाटांवर दोन-चार पावसाळे काढले, की प्लेटच्या वर जांभ्याचा चिखल साचतो, वाळायचं नाव घेत नाही आणि नट-बोल्ट गंजून एकजीव होतात. मग ऑइल बदलायला प्लेट उतरवावी, सतराचा पाना लावावा, जोर द्यावा, तर बोल्ट सुटतच नाही. आतल्या नटचे टाके सुटतात. बोल्ट नुसता गरगर फिरतो. बाहेरही येत नाही आणि घट्टही होत नाही.

माझ्या गाडीचं हेच झालं तेव्हा माझा बेत तयार होता. बोल्टचं डोकं ग्राइंडरने उडवायचं, चेसीला खालून खिडकी कापायची, आत नवा नट वेल्ड करायचा, खिडकी बुजवायची. ओळखीच्या एका म्हाताऱ्या फिटरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "करा की, साहेब. पण आतला रंग जळंल. त्यो परत मारायला बुरुश कुठनं घालणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वेल्डिंगचा माझा सगळा अभिमान बाहेरून दिसणाऱ्या शिवणीपुरता होता. चेसीला बाहेरून प्रायमर मारता येतो. आत मात्र त्या जागेचा रंग जळून उघडं लोखंड राहतं, आणि चिखलाचं पाणी तर आतच साचतं. म्हणजे ज्या गंजाने नट गेला, त्याच्यासाठीच मी नवी जागा तयार करणार होतो. त्यात खिडकी कापायची ती बरोबर भार घेणाऱ्या भिंतीला. शेजारून ब्रेकचा पाइप, डिझेलची लाइन, वायरिंग. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा, सगळं झाका, आणि एवढं करून पुढच्या वेळी हाही नट फिरला तर परत कापाकापी.

फिटरने केलं ते असं. पाच-सहा मिलिमीटर जाडीची, बोटभर लांब पट्टी घेतली, तिला भोक पाडून टेबलावरच नट वेल्ड केला, रंग दिला, वाळू दिला. चेसीला पाण्याच्या निचऱ्यासाठी मुळातच एक मोठं भोक जवळ होतं. बोल्टच्या भोकातून तार घालून ती त्या मोठ्या भोकातून बाहेर काढली, तारेला पट्टी अडकवली आणि ओढून जागेवर आणली. पट्टी लांबट असल्यामुळे आतल्या भिंतीला अडते, फिरत नाही. ओढ एका टिकलीएवढ्या जागेवर न येता पट्टीभर पसरते. नाही म्हणायला वेल्डिंग झालंच, पण गाडीला आच लागली नाही, आणि खराब झाली तर पट्टी आली तशी बाहेर काढता येते.

मला हेही वाटायचं की बोल्ट जितका जाड तितकं बरं. हिशेब मांडला तेव्हा ते मतही ढिलं झालं. चार मिलिमीटरच्या लोखंडी प्लेटचं वजन चौरस मीटरला सुमारे 31 किलो. 10 मिलिमीटरचा, 8.8 ग्रेडचा एकच बोल्ट सरळ ओढीला साडेचार टनांवर जाऊन तुटतो. म्हणजे प्लेट धरून ठेवणं हे बोल्टला खिजगणतीतही नाही. गाडी दगडावर बसते तेव्हा भार प्लेटमधून थेट चेसीवर टेकला पाहिजे, बोल्टवर नाही. त्यासाठी प्लेट चेसीच्या दांड्याखाली नीट पोचली पाहिजे. खरा धोका घसरताना. प्लेटची पुढची कड दगडात अडकली की सगळा झटका बोल्टवर आडवा येतो. म्हणून एकाहून जास्त प्लेट असतील तर पुढचीची मागची कड मागचीच्या पुढच्या कडेखाली यावी, कौलं रचतात तशी. आणि एवढं करूनही काही तुटायचंच असेल, तर चाळीस-पन्नास रुपयांचा बोल्ट तुटावा, चेसी फाटू नये. 12.9 ग्रेडचे बोल्ट घालून मिरवणाऱ्या मित्रांशी माझं अजून यावर भांडण आहे.

वेल्डिंग मी पूर्ण सोडलेलं नाही. भोकाभोवतीचा पत्राच फाटला किंवा गंजून पातळ झाला असेल तर पट्टी टेकणार कशावर? तिथे चेसीचं काम जाणणारा वेल्डरच हवा. चेसीच्या आरपार बोल्ट घालायचा झाला तर आत पोकळीच्या मापाचा पाइपचा तुकडा हवाच. नाहीतर आवळताना दोन्ही भिंती आत दबतात. माझ्या ओळखीतली निम्मी जुगाडं याच तुकड्यावाचून वाया गेली आहेत.

तुमच्या गाडीला अशी प्लेट असेल तर मे महिन्यात एकदा ती खाली उतरवा. वरचा चिखल धुवा, आट्यांना तारेचा ब्रश मारा, कॉपर ग्रीस लावा. ग्रीस लावलेला बोल्ट तेवढ्याच जोराला जास्त ताणला जातो, तेव्हा आवळताना हात आवरता घ्या. आणि एखादा बोल्ट अडून बसला तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर तसाच राहू द्या.