आबांची वही आणि कार्ल्सरूहेची लीग

"जर्मनीच्या एकीकरणावर कोणी लिहू नका. गेली कित्येक वर्षे मी बिस्मार्कच तपासतो आहे," असे इतिहासाचे सर म्हणाले तेव्हा सगळा वर्ग हसला. प्रकल्पासाठी जर्मनीतलाच, पण आपल्या आवडीचा विषय निवडायचा होता. कोणी संगीत घेतले, कोणी मोटारगाड्या घेतल्या. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहून "फुटबॉल" म्हणाले. वर्ग पुन्हा हसला, पण या खेपेला माझ्यावर.

निदान कोल्हापूरच्या पोरांनी तरी फुटबॉलला हसू नये! पण त्यांचे हसू फुटबॉलला नव्हते, ते मुलीच्या तोंडून फुटबॉल ऐकण्याला होते. त्यांना काय ठाऊक, की माझ्या घरी फुटबॉलची एक आख्खी वही आहे.

ती वही आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलण्यात त्यांची सारी हयात गेली. अक्षरओळख मुळीच नव्हती. मी दुसरीत गेले आणि मला जोडाक्षरे लिहिता येऊ लागली, तशी त्यांनी मला शाहू स्टेडियमवर न्यायला सुरुवात केली. शेंगदाण्याची पुडी आणि दोनशे पानी वही हातात देऊन म्हणायचे, "मला येत न्हाई, तुला येतंय. लिही." मग कोणत्या पेठेचा संघ, कोण खेळला, कोणी गोल मारला, सगळे मी लिहायचे. घरी आल्यावर आबा वही उघडून बसत. वाचता येत नसे, पण कोणाचे नाव पानावर कुठे आहे ते त्यांना जागेवरून कळायचे. त्या जागेवर बोट ठेवून ते नाव उच्चारायचे.

मी सहावीत असताना आमचा एक आवडता खेळाडू दुसऱ्या तालमीकडे गेला. मी रागाने वही काढली आणि त्याच्या नावावर आडवी रेघ मारली. आबांनी ती पाहिली. ते माझ्यावर कधी ओरडत नसत, त्या दिवशी ओरडले.

"का खोडलंस?"

"तो गेला की आबा तिकडं."

"गेला तर गेला. खेळला न्हवं त्यो हितं? मग ऱ्हाऊ दे की नाव."

मी अकरावीत असताना आबा गेले. घराण्यातली पहिली मुलगी कॉलेजात गेलेली त्यांना पाहायला मिळाली नाही. असो. सांगायचे ते कार्ल्सरूहेचे.

प्रकल्पाची पुस्तके इंग्रजीत होती आणि माझे इंग्रजी बेताचे. खोटे कशाला सांगू, पहिले आठ दिवस मी नुसते गुणतक्ते पाहिले. तक्त्याला भाषा लागत नाही. सामने, विजय, बरोबरी, पराजय, गोल, गुण. आबांच्या वहीतही हेच असते. तक्त्यांवरून माझ्या लक्षात आले की जुन्या काळात दक्षिण जर्मनीच्या यादीत एकच गाव पुन्हा पुन्हा वर येते. ते गाव कार्ल्सरूहे. मग शब्दकोश जवळ घेतला आणि ओळी वाचायला लागले.

राजवाड्यापासून पंख्याच्या काड्यांसारखे रस्ते निघालेले हे शहर. १९१० च्या सुमारास लोकवस्ती सव्वा लाखाहून थोडी अधिक. तिथे फुटबॉल आणला तो वाल्टर बेन्झेमान नावाच्या एका शाळकरी मुलाने, १८८९ साली. बर्लिनच्या एका ज्यू सावकारी पेढीवाल्याचा हा मुलगा. दोन वर्षांनी, १८९१ मध्ये, त्याच्याच पुढाकाराने 'कार्ल्सरूहे फुटबॉल मंडळ' निघाले. आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पेठेतल्या, तालमीतल्या पोरांचा खेळ. तिकडे तो आधी लॅटिन-ग्रीक शिकणाऱ्या सुखवस्तू मुलांचा होता, याची मला मोठी गंमत वाटली. तरी शिव्या त्यांनाही चुकल्या नाहीत. कार्ल प्लांक नावाच्या स्टुटगार्टच्या व्यायामशिक्षकाने १८९८ साली फुटबॉलची टर उडवणारे पुस्तकच छापले आणि या खेळाला 'इंग्रजी रोग' ठरवले.

हा रोग काही बरा झाला नाही. १७ ऑक्टोबर १८९७ रोजी आठ मंडळांनी कार्ल्सरूहेमध्ये जमून दक्षिण जर्मनीची संघटना स्थापन केली. अखिल जर्मन संघटना त्यानंतर, १९०० साली, लाइपझिगला निघाली. म्हणजे लेक आईच्या आधी जन्मली म्हणायची! दक्षिणेचे अजिंक्यपद कार्ल्सरूहे मंडळाने १९०१ ते १९०५ अशी ओळीने पाच वर्षे जिंकले.

आता तारेची गोष्ट. आपल्याकडची तारसेवा २०१३ साली बंद झाली तेव्हा मी लहान होते. तार आली की घरात रडारड ठरलेली, एवढेच आजीकडून ऐकले होते. १९०३ साली जर्मनीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. उपांत्य सामन्यात कार्ल्सरूहेची गाठ प्रागच्या जर्मन संघाशी लाइपझिगला पडायची होती. निघण्यापूर्वी तार आली : सामना पुढे ढकलला आहे. खाली नाव राष्ट्रीय संघटनेचे. मंडळी घरीच राहिली. प्रत्यक्षात सामना कोणीच पुढे ढकललेला नव्हता! तार खोटी होती. कार्ल्सरूहेवाले आले नाहीत म्हणून बाद झाले, त्यांची तक्रार फेटाळली गेली, आणि प्रागचा संघ न खेळता अंतिम सामन्यात पोचला. तिथे लाइपझिगने त्यांचा ७-२ असा फडशा पाडला. ती तार कोणी पाठवली हे कधीच सिद्ध झाले नाही. जर्मन फुटबॉलच्या बहुतेक इतिहासात ही तार सापडते. मीही ठरवले, प्रकल्प तारेवरच लिहायचा. सगळ्यांना हसू येईल आणि वर्गाचे आधीचे हसणे फिटेल.

मंडळाच्या सभासदांत त्या वर्षी अकरा वर्षांचा एक मुलगा होता. तो दहाव्या वर्षी, १९०२ मध्ये, दाखल झाला होता. नाव यूलिउस हिर्श. तेव्हा मी ते नाव नुसते उतरवून ठेवले.

१९०८ पासून दक्षिण जर्मनीचे चार विभाग पाडून प्रत्येकाची स्वतंत्र लीग सुरू झाली. प्रत्येक विभागाचा विजेता आपसात खेळून दक्षिणेचा अजिंक्यवीर ठरे आणि तो राष्ट्रीय स्पर्धेत जाई. कार्ल्सरूहे, स्टुटगार्ट, फोर्झहाइम, फ्रायबुर्ग ही गावे 'दक्षिण विभाग' लीगमध्ये येत. अल्सेस प्रांतही याच विभागाचा. तो तेव्हा जर्मन साम्राज्यात होता, १९१८ नंतर फ्रान्सकडे गेला. ही लीग म्हणजे खरा आखाडा. पहिल्याच हंगामात, १९०९ साली, कार्ल्सरूहेच्याच 'फिनिक्स' संघाने ती जिंकली आणि बर्लिनच्या व्हिक्टोरियाला ४-२ ने हरवून सारा देश जिंकला. पुढल्या वर्षी जुन्या मंडळाने लीग घेतली. राष्ट्रीय उपांत्य सामन्यात दोन्ही संघ समोरासमोर! एका गावातले दोन संघ आणि दावणीला देशाचे अजिंक्यपद, म्हणजे त्या दिवशी गावात काय झाले असेल ते कोल्हापूरकरांना मी सांगायला नको. मंडळ २-१ ने जिंकले. अंतिम सामन्यात कील शहराच्या होलस्टाइन संघाविरुद्ध जादा वेळेत मॅक्स ब्रॉइनिगने पेनल्टीवर गोल केला, १-०. मंडळाचा शिक्षक विल्यम टाउनली हा इंग्रज. १८९० च्या इंग्लिश चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने स्वतः तीन गोल मारले होते.

हिर्श तेव्हा अठरा वर्षांचा, म्हणजे माझ्याहून एक वर्षाने लहान. तो डाव्या पायाचा. त्याच्या जोडीला फ्रिट्झ फ्योर्डरर आणि गॉटफ्रीड फुक्स. या तिघांची आघाडी देशभर गाजली. १९११ आणि १९१२ सालीही लीग आणि दक्षिणेचे अजिंक्यपद याच संघाकडे गेले. मार्च १९१२ मध्ये हॉलंडविरुद्ध ५-५ अशा बरोबरीच्या सामन्यात हिर्शने एकट्याने चार गोल मारले. त्याच वर्षी १ जुलैला स्टॉकहोमच्या ऑलिम्पिकमध्ये जर्मनीने रशियाला १६-० ने लोळवले. त्यातले दहा गोल फुक्सचे! एका आंतरराष्ट्रीय सामन्यात याहून जास्त गोल कोणी मारायला २००१ साल उजाडावे लागले. हिर्श १९१३ मध्ये फ्युर्थला गेला आणि पुढल्या वर्षी त्या संघाबरोबर पुन्हा राष्ट्रीय विजेता झाला. मग महायुद्ध आले. तो चार वर्षे जर्मनीकडून लढला आणि पदक मिळवून परतला. त्याचा एक भाऊ त्याच युद्धात पडला.

इथवर माझे लिखाण झाले होते. तारेची गोष्ट चांगली तीन पाने झाली होती. सरांनी वही चाळली आणि म्हणाले, "छान. खेळाडूंच्या जन्म-मृत्यूची सालेही घाल." एवढ्याचसाठी मी पुन्हा ग्रंथालयात गेले.

हिर्शचा जन्म : ७ एप्रिल १८९२. मृत्यू : ८ मे १९४५. ही तारीख महायुद्ध संपल्याची. मला वाटले छापताना चूक झाली असावी. पुढे वाचले तेव्हा कळले की ती न्यायालयाने नंतर, १९५० साली, ठरवून दिलेली तारीख आहे. खरी तारीख कोणाकडेच नाही.

हिर्श ज्यू होता, आणि फुक्सही. आजवर जर्मनीच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले ज्यू खेळाडू म्हणून या दोघांचीच नावे घेतली जातात. ९ एप्रिल १९३३ रोजी दक्षिणेतल्या चौदा मंडळांनी एक निवेदन काढले, की नव्या राजवटीला आमचा पाठिंबा आहे आणि ज्यूंना मंडळांतून दूर करण्याच्या कामात आम्ही सहभागी आहोत. सह्या करणाऱ्यांत बायर्न म्युनिक होते, फ्युर्थ होते, फिनिक्स होते आणि कार्ल्सरूहे मंडळही होते. म्हणजे जुन्या तक्त्यांत मी ज्यांचे गुण मोजत बसले होते, तीच ही मंडळे! त्यांच्यावर कोणी सक्ती केल्याचे मला कुठे आढळले नाही. क्रीडा संघटनांसाठीचे सरकारी नियम यायचे होते, आणि ही मंडळी त्याआधीच आपणहून पुढे झाली होती.

दुसऱ्या दिवशी हिर्शने ते वर्तमानपत्रात वाचले. तीन दिवसांपूर्वीच त्याला एक्केचाळिसावे वर्ष पूर्ण झाले होते. नाव काढले जाण्याची वाट त्याने पाहिली नाही, त्याच दिवशी मंडळाला पत्र लिहून राजीनामा दिला. आपण १९०२ पासून सभासद आहोत हे त्यात आहे. आज ज्यांचा द्वेष केला जातो त्या ज्यूंमध्येही सचोटीची आणि या देशासाठी रक्त सांडलेली माणसे आहेत, हेही आहे. ते पत्र वाचताना मला शब्दकोश कितीदा उघडावा लागला ते मोजले नाही.

बेन्झेमान त्याच वर्षी स्वित्झर्लंडला गेला आणि १९३४ मध्ये तिथेच वारला. १९२० साली त्याने सुरू केलेले 'किकर' हे साप्ताहिक मात्र चालू राहिले. त्याच 'किकर'ने १९३९ साली जर्मनीच्या राष्ट्रीय खेळाडूंचा संग्रह काढला. त्यात हिर्श नाही आणि फुक्सही नाही. एका सामन्यात दहा गोल मारणारा माणूस यादीतच नाही!

मी पुस्तक मिटले आणि घरी आले. माळ्यावरून आबांची वही काढली आणि सहावीतले ते पान शोधले. रेघ अजून तशीच आहे. त्या खेळाडूची आणि हिर्शची तुलना होऊ शकत नाही हे मला कळते. आमचा खेळाडू अजून पेठेत राहतो आणि त्याचे बरे चालले आहे. पण रेघ कशी मारली जाते ते मला माहीत आहे. सोपे असते. पट्टीसुद्धा लागत नाही.

फुक्स कॅनडात पळून वाचला. १९७२ साली म्युनिकच्या नव्या मैदानावर पहिला सामना व्हायचा होता. जुने राष्ट्रीय प्रशिक्षक सेप हेर्बेर्गर यांनी सुचवले की त्या सामन्याला फुक्सला पाहुणा म्हणून बोलवा. राष्ट्रीय संघटनेने नकार दिला. असा पायंडा पाडायचा नाही, असे कारण होते. नकाराचे पत्र निघण्यापूर्वीच फेब्रुवारीत फुक्स माँट्रियलला वारला होता. त्या काळात हे मन कोणत्या प्रकारचे होते ते मला समजत नाही, आणि समजून घ्यायची इच्छाही नाही. २००५ पासून तीच संघटना हिर्शच्या नावाने दरवर्षी पुरस्कार देते हेही इथे सांगायला हवे, नाही तर माझा हिशेब एकतर्फी होईल.

तारेवरची तीन पाने मी एका परिच्छेदावर आणली. सर म्हणाले, "अगं, तीच तर मजेची होती!" मी म्हटले, "हो सर, पण जागा पुरत नाही."

१ मार्च १९४३ रोजी हिर्शला कार्ल्सरूहेहून रेल्वेने आउशवित्झला पाठवण्यात आले. वाटेत त्याने एक कार्ड टाकले. त्यावर डॉर्टमुंडचा ३ मार्चचा शिक्का आहे. आपण ठीक आहोत, वरच्या सायलेशियाकडे चाललो आहोत, म्हणजे अजून जर्मनीतच, एवढाच मजकूर. त्यानंतर त्याचे काही आले नाही. दोन वर्षांनी त्याच्या मुलांनाही छावणीत नेले, पण ती जिवंत परतली.

फिनिक्स १९५२ मध्ये दुसऱ्या संघात विलीन झाला. जुने मंडळ २००४ साली कर्जात बुडाले. तीन वर्षांनी उठून अगदी तळच्या वर्गातून पुन्हा खेळू लागले.

आबांच्या वहीची शेवटची अकरा पाने कोरी आहेत. त्यातल्या एकावर मी १९१० सालचा दक्षिण विभागाचा तक्ता उतरवला आहे, आणि खाली आघाडीची तीन नावे : फ्योर्डरर, फुक्स, हिर्श. आमची आजी विचारत होती, ही कोणत्या तालमीची पोरे?